पुण्याहून धुळे-जळगावला ग्राउलरमधून ताजी बिअर नेताना

पांझरा_काठ (धागाकर्ता)

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत गावी जाताना पुण्याच्या मायक्रोब्रुअरीतून दोन-तीन लिटर ताजी बिअर न्यायची, हे आता पुण्यात नोकरीला असलेल्या बऱ्याच खान्देशी मंडळींच्या अंगवळणी पडलंय. संध्याकाळी मळ्यात शेवभाजीचा बेत ठरलेला असतो, भाऊबंद जमलेले असतात, आणि ग्राउलर उघडला तर फेस नाही, वास ओल्या पुठ्ठ्याचा. मग कुणीतरी विचारतं, "ताजी बिअर म्हणतात ती अशीच लागते का?" मला हे ऐकवत नाही. ज्याने ती मन लावून बनवली त्याची मेहनत आठ तासांच्या रस्त्यात वाया गेलेली असते. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे चर्चा होते ती भांड्याची. काच घ्यावी की स्टील, एक लिटरचं की दोनचं. माझ्या मते भांडं तिसऱ्या नंबरावर येतं. पहिलं, ते भरलं कसं. दुसरं, भरल्यापासून ग्लासात पडेपर्यंत बिअर गार राहिली का. या दोन गोष्टी बिघडल्या तर कितीही महागाचं भांडं काही वाचवू शकत नाही.

नवीन लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ग्राउलर म्हणजे नळावरची बिअर घरी न्यायचं घट्ट झाकणाचं भांडं. अमेरिकेत पूर्वी लोक पत्र्याच्या डब्यातून बिअर न्यायचे. काचेच्या ६४ औंसी, म्हणजे जवळपास १.९ लिटरच्या भांड्याची आजची पद्धत १९८९ साली वायोमिंग राज्यातल्या ओटो ब्रदर्स या छोट्या ब्रुअरीने सुरू केली. आपल्याकडे पुण्यात डुलाली ही मायक्रोब्रुअरी २००९ साली सुरू झाली, पण घरी नेण्याची सवय लोकांना खरी लागली ती २०२० च्या लॉकडाउनमध्ये, बसून प्यायची सोय बंद असताना.

दुकानातली बाटलीबंद बिअर बहुतेक वेळा गाळलेली आणि ६० अंशांच्या आसपास पाश्चराइज केलेली असते. मायक्रोब्रुअरीची बिअर सहसा तशी नसते, तिच्यात यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारं खमीर, जिवंत असतं. म्हणून ती चवीला भरीव लागते आणि म्हणूनच लवकर उतरते. तिचे वैरी तीन: हवेतला ऑक्सिजन, उष्णता आणि उजेड.

ऑक्सिजनने आधी हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास जातो, मग तो पुठ्ठ्याचा वास येतो. उष्णता हे सगळं पळवत नेते. ब्रुअरीवाल्यांमध्ये ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे. ३२ अंशांत ३ दिवसांत बिअर जितकी शिळी होईल तितकी व्हायला २२ अंशांत ३० दिवस लागतात आणि ३ अंशांत ३०० दिवस. हा हिशोब नीट पॅक केलेल्या बिअरचा आहे, ग्राउलरला जसाच्या तसा लागू पडत नाही, पण त्यातलं प्रमाण डोक्यात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात रात्री नऊलासुद्धा पारा ३२ च्या वर असतो.

उजेडाचं तर विचारूच नका. हॉप्समधली कडवट द्रव्यं निळ्या आणि अतिनील प्रकाशात फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक उग्र वासाचं संयुग तयार होतं. नाकाला ते अगदी कणभरही कळतं. पांढऱ्या काचेची बाटली गाडीच्या मागच्या काचेपाशी उन्हात ठेवली तर काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी काच फारसा अडवत नाही. पुन्हा गार केल्याने तो वास जात नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात माणसाला इजा होऊ शकते. बिअरमध्ये विरघळलेला गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, गरम झाला की बाहेर पडू बघतो. नेहमीच्या गॅसच्या बिअरला ४ अंशांवर बंद भांड्यात साधारण १२ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब असतो. २० अंशांवर तो २७-२८ होतो आणि ४० अंशांवर ५० च्या घरात जातो. मालेगावच्या पुढे जेवायला थांबलात आणि गाडी उन्हात उभी राहिली तर डिकीतलं तापमान ४० ला कधीच ओलांडतं. साधी काचेची ग्राउलर या दाबासाठी बनवलेली नसते. काठोकाठ भरलेली असेल तर आणखी धोका. ती फुटते, आणि काच लांबवर उडते. शेजारी लहान मूल बसलेलं असतं. कृपा करून हे हलक्यात घेऊ नका.

तुम्ही कसं नेता, कशात नेता, धुता कसं, ते लिहा. गाडी चालवणाऱ्याने वाटेत झाकणाला हात लावायचा नाही हे गृहीत धरलंय, आणि २१ च्या आतल्यांसाठी हा धागा नाही.

टॅपमागचा

पांझराभाऊ, मनापासून धन्यवाद. मूळ चोपड्याचा आहे, पुण्यात एका टॅपरूममध्ये बरीच वर्षं नळामागे उभा राहिलोय. भरण्याबद्दल लिहितो, कारण गिऱ्हाईक तिथेच मोबाइल बघत बसतं आणि सगळं तिथेच ठरतं.

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे नळाखाली भांडं धरून वरून धार सोडणं. बिअर हवेतून पडते, फेसाळते, फेस ओतून टाकतात, पुन्हा भरतात. प्रत्येक वेळी ताजी हवा आत जाते. अशी भरलेली बिअर दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी, फार तर तिसऱ्या. त्याहून बरी पद्धत म्हणजे नळाला लांब नळी लावून ती भांड्याच्या तळाला टेकवायची आणि खालून वर भरत न्यायचं. भरायच्या आधी त्याच नळीतून भांड्यात कार्बन डायऑक्साइड सोडला तर आतली बरीच हवा बाहेर निघते. शेवटी थोडा फेस मानेपर्यंत येऊ द्यायचा आणि त्या फेसावरच झाकण लावायचं. फेसाच्या बुडबुड्यांत हवा नसते, कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून झाकणाखाली ऑक्सिजन कमी राहतो.

सर्वांत चांगली पद्धत काउंटर प्रेशर मशीनची. भांडं बंद करून आत आधी गॅसचा दाब तयार करतात आणि त्या दाबाखाली बिअर सोडतात, फेस होतच नाही. अशी भरलेली, न उघडलेली, सतत गार ठेवलेली बिअर आठवडाभर आरामात टिकते. काही ठिकाणी समोरच कॅन सील करून देतात. अमेरिकेत ऑस्कर ब्लूज ब्रुअरीने बॉल कंपनीबरोबर आणलेला क्राउलर तो हाच. लांबच्या प्रवासाला मला कॅन सगळ्यात आवडतो. उजेड शून्य, फुटायची भीती कमी. एकदा उघडला की मात्र तो तिथेच संपवायचा.

काउंटरवर जाऊन बिनधास्त विचारा, "नळीने भरता का? आधी गॅस मारता का?" चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा कुणालाही राग येत नाही, उलट आम्हाला बरं वाटतं. आणि स्वतःचं भांडं आणत असाल तर ते गार करून आणा. उन्हात तापलेल्या काचेत गार बिअर ओतली की अर्धा गॅस तिथेच उडून जातो. वरती भांड्याच्या पाच टक्क्यांएवढी जागा रिकामी राहू द्या. "पैसे दिलेत, काठोकाठ भरा" असा आग्रह बरेच जण धरतात. तो धरू नका, कारण वर पांझराभाऊंनी लिहिलंच आहे.

रावेरची_केळी

मी केळीवाला माणूस, बिअर कधीमधी. पण गारव्याचं काम आम्ही रोज करतो म्हणून लिहितो.

केळीचा माल लांब पाठवताना नियम एकच, आधी माल गार करायचा आणि मग गार गाडीत भरायचा. गाडीतलं मशीन माल गार करण्यासाठी नसतं, गार झालेला माल गार ठेवण्यासाठी असतं. बिअरचंही तेच. पुष्कळ लोक पेटीत बर्फ टाकतात आणि त्यात कोमट झालेला ग्राउलर ठेवतात. बर्फ निम्मा तिथेच खर्ची पडतो.

हिशोब सोपा आहे. २ लिटर बिअर २० अंशांनी तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता अर्धा किलो बर्फ वितळताना शोषून घेतो. म्हणजे चांगल्या पेटीत दोन ग्राउलरसाठी चार-पाच किलो बर्फ घेतला तर पुणे-जळगाव भर मे महिन्यात निभावतं. पेटी मात्र जाड भिंतीची हवी. मासळीवाल्यांकडची जाड थर्माकोलची पेटी स्वस्तात मिळते, ती बाहेरून गोधडीत गुंडाळली की उत्तम काम देते. पेटी डिकीत ठेवण्यापेक्षा मागच्या सीटखाली ठेवा, तिथे एसीची हवा लागते.

एक गोष्ट लोक करत नाहीत ती म्हणजे बर्फात थोडं गार पाणी ओतणं. नुसत्या खड्यांच्या मध्ये हवा राहते, भांड्याला बर्फ दोन-चार ठिकाणीच टेकतो. पाणी घातलं की गारवा सगळ्या बाजूंनी लागतो. पाणी मानेच्या खाली ठेवा, झाकण बुडू देऊ नका. आणि कुल्फीवाल्यासारखं मीठ अजिबात घालू नका. मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं, आणि ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांवर गोठायला लागते. गोठली की फुगते आणि काच गेली.

आमची केळी १३ अंशांच्या खाली नेली की साल काळी पडते, म्हणून आम्हाला वरही जाऊन चालत नाही आणि खालीही. तुमच्या बिअरला ती अडचण नाही. २ ते ४ अंश धरा आणि सोडू नका.

जाता जाता, हेफेवायझन नावाची गव्हाची बिअर असते तिला पिकल्या केळाचा वास येतो. तिच्यात केळं घातलेलं नसतं. केळात जे आयसोअमाइल अॅसिटेट असतं तेच ते यीस्ट तयार करतं. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मला आमच्या रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यासारखं वाटलं होतं. जिवंत यीस्टची ती बिअर गरम राहिली की हा वास लवकर ओसरतो. म्हणून रावेरला आणायची तर ती गारच आणा रे बाप्पा!

भुसावळ_जंक्शन

छान धागा. माझे दोन प्रश्न. माझ्याकडे चहाचा मोठा स्टीलचा थर्मास आहे, व्हॅक्यूमचा, बर्फ दिवसभर टिकतो त्यात. तो चालेल का? आणि कोल्ड्रिंकची सव्वादोन लिटरची रिकामी बाटली? ट्रॅव्हल्सने येतो, पेटी सांभाळणं जमत नाही.

टॅपमागचा

थर्मास नको भाऊ. चहाच्या थर्मासचं झाकण दाब धरण्यासाठी नसतं. थोडी बिअर गरम झाली, गाडीत हलली, की झाकण उडू शकतं किंवा तोंडावर येऊ शकतं. वरून चहाचा वास रबरात मुरलेला असतो तो वेगळाच. व्हॅक्यूम स्टीलचे खास बिअरचे ग्राउलर मिळतात, त्यांच्या झाकणाला दाब सोडणारी व्यवस्था असते, ते घ्या. स्टीलला उजेडाची अडचणच नाही आणि गारवाही टिकतो. फक्त ते भरायच्या आधी आतून गार केलेलं हवं.

कोल्ड्रिंकच्या बाटलीचं उत्तर थोडं लांब आहे. दाबाच्या बाबतीत ती काचेपेक्षा भरवशाची, कारण कोल्ड्रिंकमध्ये बिअरपेक्षा जास्त गॅस असतो आणि बाटली त्यासाठीच बनवलेली असते. फुटली तरी काच नाही. पण संत्र्याचा किंवा कोलाचा वास प्लॅस्टिकमध्ये आणि झाकणाच्या वॉशरमध्ये मुरतो, तो धुऊन जात नाही. सोड्याची बाटली घ्या, तिला वास नसतो. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो, पण एक-दोन दिवसांत त्याने फरक पडत नाही. उजेडासाठी बाटली जाड कापडात गुंडाळा. बऱ्याच ब्रुअरी परक्या बाटलीत भरून देत नाहीत, तेव्हा आधी विचारून जा.

ट्रॅव्हल्सच्या डिकीत मात्र काहीही देऊ नका. खाली इंजिनची आणि रस्त्याची धग असते. सामान सीटपाशी ठेवायची सोय असेल तरच न्या.

सोडावाला_अमळनेर

गॅसवर थोडं मी बोलतो, आमचा तीन पिढ्यांचा सोड्याचा धंदा.

प्लॅस्टिकच्या बाटलीत वरची हवा काढायला काही जण बाटली दाबून झाकण लावतात. हवा निघते हे खरं, पण मग बाटली पुन्हा फुगेपर्यंत बिअरमधलाच गॅस बाहेर येतो. एका रात्रीसाठी हा सौदा ठीक आहे, दोन दिवसांसाठी मला पटत नाही. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या बाटलीवर बसणारी व्हॉल्व्हची झाकणं येतात. त्यातून बाहेरून गॅस भरता येतो. हवा दोन-तीनदा गॅसने हाकलायची आणि मग दाब द्यायचा. बाटली गार असेल तर १०-१२ पीएसआय पुरे.

सिलिंडर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आग विझवायच्या सिलिंडरमधला गॅस प्यायच्या वस्तूला लावायचा नाही, तो त्या कामासाठी शुद्ध केलेला नसतो. सोड्याचा गॅस भरून देणारे आपल्याकडे अमळनेर, धुळे, जळगाव सगळीकडे आहेत, त्यांच्याकडून फूड ग्रेड मागून घ्या. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर कधीही जोडू नका. भरलेल्या सिलिंडरमधला दाब उन्हाळ्यात हजार पीएसआयच्या वर जातो, बाटलीचा निभाव लागणार नाही.

काही स्टीलच्या ग्राउलरना गॅसची छोटी कार्ट्रिज, म्हणजे नळकांडी, लागते. ८ ग्रॅमच्या एका कार्ट्रिजमधून चारएक लिटर गॅस मिळतो, दोन लिटरच्या भांड्याला एक पुरते. ऑनलाइन घेताना नीट वाचून घ्या. केकवरचं क्रीम फुलवायची कार्ट्रिज दिसायला हुबेहूब तशीच असते, पण तिच्यात नायट्रस ऑक्साइड असतो. एअर पिस्तुलाच्या काही कार्ट्रिजमध्ये तेल असतं. दोन्ही नकोत.

या गॅसच्या झाकणाच्या भांड्याचा मोठा फायदा असा की ग्लास ओतला की रिकाम्या जागेत हवेऐवजी गॅस शिरतो. साध्या ग्राउलरचं झाकण एकदा उघडलं की त्या संध्याकाळी संपवायचंच. यात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही फेस तसाच राहतो.

सातपुडा_पायथा

आमच्याकडे गोणपाट ओलं करून बाटलीला गुंडाळतात आणि वाऱ्याला टांगतात. यावलला लहानपणापासून पाणी असंच गार केलेलं. बर्फ नसेल तर हे चालणार नाही का?

पांझरा_काठ

सातपुडादादा, पाण्याला चालतं, बिअरला पुरत नाही. आपली हवा कोरडी म्हणून गोणपाट आणि माठ दोन्ही चांगले काम करतात, पण त्यांना एक तळ असतो. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं जास्तीत जास्त २३-२४ अंशांपर्यंत नेऊ शकतं, त्याखाली नाही. आपल्याला ४ हवेत. पण पेटीवर बाहेरून ओलं गोणपाट टाकलं तर आतला बर्फ नक्की जास्त वेळ टिकेल, कारण पेटीच्या भोवती ४४ ऐवजी २४ अंश राहतील. हे मला सुचलं नव्हतं, या खेपेला करतो. पेटी गाडीच्या आत ठेवत असाल तर खाली ट्रे ठेवा म्हणजे झालं.

दूधकेंद्र_चाळीसगाव

मी दुग्धतंत्रज्ञान शिकलेय, शीतकरण केंद्रावर काम करते. स्वतः घेत नाही, पण घरात ग्राउलर आहे आणि तो धुते मीच, त्यामुळे हक्काने लिहिते!

तुम्ही सगळे हवा आणि गारव्याबद्दल बोलताय. आंबट झालेल्या बिअरचं एक कारण भांड्यात असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. दुधाच्या टाक्यांमध्ये आम्ही पृष्ठभागावर चिकटून बसलेल्या जंतूंच्या पापुद्र्याशी रोज झुंजतो. तो पापुद्रा विसळून जात नाही. बिअरमध्ये साखर, प्रथिनं आणि यीस्ट असतं. भांडं रात्रभर तसंच राहिलं तर त्यालाही तेच होतं.

म्हणून रिकामं झालं की लगेच, त्याच क्षणी, कोमट पाण्याने तीन-चारदा खळखळून घ्या. उकळतं पाणी काचेत नको, तडा जातो. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजत ठेवा आणि लांब ब्रशने मान आणि तळ घासा. भांडी घासायचा सुवासिक साबण वापरू नका. त्याचा वास राहतो आणि काचेवर जो पातळ थर राहतो त्याने फेस टिकत नाही. आपल्या भागात बोअरचं पाणी जड, त्यामुळे काचेवर पांढुरका थर धरतो. बिअरचाही स्वतःचा एक दगडी थर असतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा. दोन्हीसाठी अधूनमधून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुवा. सोडा आणि लिंबूसत्त्व एकाच वेळी घालू नका, एकमेकांचं काम मारतात. आम्ही डेअरीतही आधी अल्कली, मग पाणी, मग अॅसिड असंच करतो.

स्टीलच्या भांड्याला ब्लीच लावू नका. क्लोरीनमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांत जंतू बसतात. निर्जंतुक करायचं तर फॉस्फोरिक अॅसिडवर आधारलेली, न धुता वापरायची द्रावणं मिळतात, घरी बिअर बनवणारे तीच वापरतात.

झाकणातला रबरी वॉशर काढून वेगळा धुवा. तिथे काय साठतं ते एकदा नखाने खरवडून बघा, पुन्हा सांगावं लागणार नाही. वॉशर कडक झाला, चपटा झाला की बदला. गॅस बहुतेक वेळा तिथूनच जातो. भांडं उपडं ठेवून वाळवा आणि झाकण न लावता ठेवून द्या. झाकण लावून कपाटात ठेवलेल्या भांड्याला कुबट वास येतोच.

पांझरा_काठ

ताई, हा प्रतिसाद मी छापून आमच्या स्वयंपाकघरात लावणार आहे. वॉशरचं अगदी खरं.

घरी पोचल्यावरचंही लिहून ठेवतो. लगेच उघडू नका. आठ तास हललेली बिअर उघडली तर निम्मी फेसात जाते. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, उभी ठेवा आणि तीन-चार तास हात लावू नका. फ्रिजच्या दारात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. फ्रीझरमध्ये तर नकोच. "अर्ध्या तासात गार होते" म्हणून ठेवतात आणि गप्पांत विसरतात. ओतताना ग्लास तिरका धरा, झाकण लगेच लावा, आणि ग्राउलर टेबलावर न ठेवता पुन्हा फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवा.

दोन लिटरचा एक घेण्यापेक्षा एक-एक लिटरचे दोन घ्या. एक उघडला तरी दुसरा बंद राहतो. आणि प्रवास लांबचा असेल तर आयपीए नावाची भरपूर हॉप्सची बिअर टाळा, तिचा वास सगळ्यात आधी जातो. स्टाउट (गडद काळी बिअर) किंवा जरा कडक बिअर जास्त दम धरते.

हिवाळ्यात यातलं निम्मं काम निसर्ग करतो. भरीत पार्ट्यांच्या दिवसांत धुळ्यात रात्रीचा पारा एक आकड्यात असतो, तेव्हा पेटीत किलोभर बर्फही पुरतो.

नंदुरबारी

माझा मेव्हणा सुरतला असतो. नंदुरबारला येऊन परत जाताना एक ग्राउलर बरोबर द्यायचा विचार होता. सीलबंद आणि बिल असेल तर चालतं ना?

पांझरा_काठ

नाही भाऊ, देऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे. नवापूरच्या स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, त्यामुळे हद्द कधी ओलांडली कळतही नाही. तिकडे सील आणि बिल कामाला येत नाही, मेव्हणे अडचणीत येतील. ते नंदुरबारला आले की तिथेच पाहुणचार करा. महाराष्ट्रातही बिल आणि आपला परवाना जवळ ठेवावा, एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे तिन्ही मिळतात.

अहिराणी_भो

बठ्ठा धागा वाचं भो, भलता कामना शे!

आता माझं सांगतो. भावाच्या लग्नाआधी मित्रमंडळींची एक संध्याकाळ करायची आहे, शिरपूरजवळ मळ्यात. ग्राउलरऐवजी सरळ २० लिटरचा केग, म्हणजे बिअरचं बंद पिंप, आणला तर ताजेपणा जास्त राहील का? हातपंप मिळतो म्हणतात.

टॅपमागचा

भो, केग बंद असेपर्यंत ग्राउलरपेक्षा कितीतरी चांगला. ब्रुअरीतच बंद भरला जातो, हवा लागतच नाही. गोष्ट बिघडते ती हातपंपाने. हातपंप गॅस नाही, बाहेरची हवा आत ढकलतो. म्हणजे पहिला ग्लास काढल्यापासून शिळं व्हायला सुरुवात. हातपंप लावलात तर त्याच रात्री केग संपला पाहिजे, उरला तर सकाळी त्यात राम नसतो. माणसं कमी असतील तर अमळनेरच्या आपल्या सोडावाल्या दादांकडून गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर घ्या, मग घाई नाही.

गाडीतून आणलेला केग लगेच जोडू नका, हललेला असतो. मोठ्या टबात उभा करून बर्फ आणि पाणी खांद्यापर्यंत घाला. २० लिटर गार व्हायला वेळ लागतो. वरून गार लागला तरी आत कोमट असतो आणि मग नळातून नुसता फेस येतो. नळीही बर्फातून फिरवून घ्या. मंडपाच्या उन्हाच्या बाजूला ठेवू नका. आणि बाहेरच्या लोकांना बोलावून प्यायला देणार असाल तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना आधी काढा, ऐनवेळी धावपळ नको.

मंडळी सातला जमणार असतील तर केग सकाळपासूनच बर्फात बसवा आणि दुपारी एकदा पाणी काढून नवा बर्फ भरा. त्या दिवशी शिरपूरला बर्फ मिळेल ना, ते आदल्या दिवशी फॅक्टरीत सांगून ठेवा. लग्नसराईत दुपारपर्यंत लाद्या संपतात.